काळी पाचच्या जरा खाली

नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तो चौकोनी तुकडा, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, चिमट्याच्या टोकात धरून सरदार खिडकीच्या उजेडात बघत होता… कॅसेटच्या पोटात तांब्याच्या एका पातळ पट्टीवर तो चिकटलेला असतो, फीत त्याला टेकून सरकते, आणि तो निखळला की गाणारा माणूस शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखा वाटतो. डिंकाचा ठिपका लावायचा, तुकडा ठेवायचा, श्वास रोखून शंभर मोजायचे. सहासष्टाव्या वर्षीही हात थरथरत नव्हता. याचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान लपवायची सवय त्याला कधीच नव्हती.

खाली हायवेकडे उसाचे ट्रॅक्टर चालले होते. एकापाठोपाठ दोन ट्रॉल्या ओढणारे, प्रत्येकाच्या स्पीकरमधून वेगळंच गाणं. आज शुक्रवार. नमाजला अजून अवकाश होता. त्याची बायको हमिदाबी चहाचा कप ठेवताना म्हणाली की त्या मेलेल्या डबड्यात डोळे कशाला घालता, पोरीनं रविवारी येऊन सगळं नेटवरून शोधून मोबाईलमध्ये घालून दिलंय, छोटा स्पीकर दिलाय, पाच दिवस झाले. त्यानं चिमटा खाली ठेवला नाही तेव्हा तिनं शेवटचं काढलं, "मदिहाचा फोन आला तर काय सांगू? अब्बानं हात पण लावला न्हाय म्हणू?"

हात लावला नव्हता हे खरं. का लावला नव्हता ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. मांडणीवर कॅसेटी उभ्या होत्या, पाठीवर त्याच्याच अक्षरातली नावं. सोळा वर्षं बसस्टँडसमोर त्याचं दुकान होतं. रेकॉर्डिंग सेंटर, चार बाय आठ फुटांचं. नळदुर्गात कुणाला काही ऐकायचं असलं की कोरी कॅसेट घेऊन त्याच्याकडंच यावं लागे, आणि तो आधी गिऱ्हाइकाची आवड ऐकून घ्यायचा, मग स्वतःची भरून द्यायचा. गुलबर्ग्याच्या उरुसातली ती कव्वाली, जिच्यात तबलजी मध्येच खोकतो… आता तो खोकला आला नाही तर कव्वाली अर्धी वाटेल. रुद्रम्मांनी गायलेल्या वचनांची कॅसेट — कन्नड त्याला निम्मं कळायचं, निम्मं कळल्यासारखं वाटायचं, आणि हे दुसरं निम्मंच त्याला जास्त आवडायचं. एक सारंगीची, वाजवणाऱ्याचं नाव नसलेली. नाव विचारायला गेलो असतो तर कदाचित मिळालंही असतं, पण गेलो नाही, कारण नाव कळलं की माणूस कळल्यासारखा वाटतो आणि ऐकणं कमी होतं.

आणि या सगळ्यांपासून वेगळ्या खणात, एकटी, मेहरजान.

बाईचा हा एकच संच निघाला. सहा गझला, एका बाजूला चार, दुसरीला दोन मोठ्या. हैदराबादच्या एका ट्रकवाल्याकडं होता. तो ढाब्यावर जेवून उठेपर्यंत सरदारनं त्याची नक्कल करून घेतली आणि मूळ कॅसेट परत केली. पुढं ती कुठं दिसली नाही. त्या एका नकलेवरून किती नकला झाल्या याला मोजदाद नाही… तुळजापूर, उमरगा, ढोकीच्या कारखान्यावरच्या चाळीत, अक्कलकोटच्या रस्त्यावरची हॉटेलं… सगळीकडं त्याची मेहरजान. त्याचे अब्बा गेले त्या चाळीस दिवसांत त्यानं दुसरं काही ऐकलं नाही. बाईला कसलीच घाई नव्हती. एकेका शब्दापाशी ती थांबायची, तो शब्द जड व्हायचा, मग पुढं. आपल्या दुःखाला घाई करू नकोस म्हणणारं घरात कुणीच नव्हतं, तेव्हा तिनं ते सांगितलं असं त्याला वाटलं होतं, आणि अजून वाटत होतं.

हमिदाबी खाली गेल्यावर त्यानं स्पीकर लावला.

आधी पेटी, मग सारंगी, मग ती. आवाज स्वच्छ, इतका स्वच्छ की तिनं ओठ उघडल्याचंही ऐकू येत होतं. सरदार भिंतीला टेकला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि त्याला अस्वस्थ वाटू लागलं… काय होतंय ते कळेना. बाई तीच. शब्द तेच. पण ती जरा पुढं चालत होती. त्याचा श्वास जिथं थांबायला सवकला होता तिथं ती थांबून मोकळी झालेली असायची. आवाजातला तो काळोखही नव्हता; ही कुणी तिची धाकटी बहीण, आत्ताच न्हाऊन आलेली. मोबाईलवाल्यांनी काहीतरी चाळे केले असणार. आजकाल गाण्याला पळवायची पद्धतच आहे. त्यानं पडद्याकडं पाहिलं. पहिली गझल, सहा मिनिटं एक्केचाळीस सेकंद.

त्यानं आपली कॅसेट काढली. आतल्या कागदावर त्याचंच अक्षर; मनगटावरचं घड्याळ लावून प्रत्येक गाण्याची वेळ लिहायची त्याची शिस्त होती. पहिली गझल, सहा-त्रेपन्न.

बारा सेकंद… चष्मा पुसून त्यानं बाकीच्या पाच ताडून पाहिल्या. सगळीकडं त्याच हिशेबानं फरक, तासाला जेमतेम दोन मिनिटांचा. आणि मग जे आठवायला नको होतं ते आठवलं, एखादं दार आपोआप ढकललं जावं तसं: सायकलची ट्यूब. दुकानातल्या दोन खणांच्या मशीनमध्ये मूळ कॅसेट ज्या खणात फिरायची, त्याचा रबरी पट्टा तुटला होता, सोलापूरहून नवा यायला आठवडा लागला असता आणि गिऱ्हाइकं तर दारात. म्हणून त्यानं जुन्या ट्यूबची एक गोल कडी कापली. ती अशी फिट्ट बसली की दोन दिवस येईल त्याला तो ते काम दाखवत होता. नवा पट्टा कधी आणलाच नाही. ट्यूब जरा घसरत असणार. तिच्यावर फिरणारं सगळंच जरा सावकाश फिरलं, आणि तसंच नकलेत उतरलं. म्हणजे अख्ख्या गावानं इतकी वर्षं सगळं जरा सावकाश ऐकलं, जरा जड, जरा खाली. मला ज्या थांबण्यानं धीर दिला ते थांबणं बाईचं नव्हतं. ट्यूबचं होतं. हे कळल्यावर हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण त्याच क्षणी भीमाशंकर आठवला.

भीमाशंकर गावाबाहेर नदीच्या अंगाला राहणारा. शेत थोडकं, पण पेटीवर बसला की माणसं कामं सोडून थांबायची. दर गुरुवारी दुकानात यायचा. मेहरजानच्या गझला पेटीवर बसवायचं त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि एका गुरुवारी तो तोंड पाडून म्हणाला, "सरदारभाई, बाईचा सूर पट्टीतच बसंना. काळी पाच धरावी तर बाई खाली, पांढरी सहा धरावी तर वर."

पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्या. त्यांच्या मध्ये पेटीला जागाच नसते, आणि बाई नेमकी तिथं गात होती. दुकानात चारसहा जण बसले होते. सरदार जे बोलला ते त्याला आजही जसंच्या तसं आठवत होतं.

"अण्णा, बाई चुकंल का? तुमची पेटी उतरलीया."

लोक हसले. भीमाशंकर हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं मान डोलावली. गावाचा कान म्हणजे सरदार, हे तोही मानत होता. पुढच्या आठवड्यात पेटी डोक्यावर घेऊन तो सोलापूरला गेला, कारागिराकडून एकेक सूर घासून सगळी पेटी टेपशी जुळवून घेतली, आणि सरळ दुकानात येऊन बसला. मेहरजान लावली. पेटी तिच्या आवाजात अशी विरघळली की दोन्ही बाजू संपेपर्यंत कुणी हललं नाही. बाहेर एसटी येत होत्या, जात होत्या. भीमाशंकरच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दुपार.

महिन्याभरानं शेजारच्या गावच्या यात्रेत गुलबर्ग्याच्या एका गायकाच्या साथीला भीमाशंकर बसला. क्लॅरिनेट होती, तिचा सूर ठरलेला, आणि ती काही केल्या पेटीशी जुळेना. गायकानं दोनदा थांबून पाहिलं, तिसऱ्यांदा माइकवरच दुसरी पेटी मागवली. भीमाशंकरनं आपल्या पेटीचा भाता बंद केला, पेटी उचलली आणि माणसांतून वाट काढत तो निघून गेला. सरदार पहिल्या रांगेत होता. घरी येताना बरोबरच्यांना तो म्हणाला होता, वाईट वाटतं, पण अण्णांचा हात आता राहिला नाही.

एवढंच असतं तर… पण पुढच्या वर्षी यात्रेची कमिटी दुकानात आली होती. साथीला कुणाला बोलवावं हे ते दरसाल त्याला विचारायचे. भीमाशंकरचं नाव त्यांनीच काढलं. एखाद वेळी होतं असं, माणूस जुना आहे, म्हणाले. आणि मी म्हणालो, नको. त्यांची पेटीही उतरलीय आणि कानही उतरलाय, दुसरा बघा. त्यानंतर भीमाशंकरला कुठूनच बोलावणं आलं नाही. गुरुवारचं येणं आधीच थांबलं होतं. सव्वीस वर्षं होतील. बाजारात भेटला की "बरं हाय का सरदारभाई" म्हणायचा, आणि सरदारला वाटायचं, बिचारा, हात गेलेला माणूस.

मशिदीत खुतबा, शुक्रवारचं प्रवचन, चालू असताना त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दोन गोष्टी सांगायच्या होत्या, तो मनात घोकत होता: आधी ट्यूबचं, मग कमिटीचं. पहिली सांगितली की दुसरी आपसूक येईल. नमाज झाल्यावर घरी न जाता, खिशात मोबाईल आणि स्पीकर घेऊन तो नदीच्या रस्त्याला लागला. उन्हाला अजून डंख नव्हता, तरी त्याला घाम सुटला.

भीमाशंकर अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. सून मल्लम्मानं बाज ओढून दिली, पाणी आणलं, चहा टाकायला आत गेली. सरदारनं इकडचं तिकडचं काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं… बारा सेकंद, ट्यूब, घसरणारा पट्टा, बाई काळी पाचमध्येच होती, तुमचा कान खरा होता. बोलताना तो शेंगांकडंच बघत होता.

भीमाशंकरनं सोललेले दाणे वाटीत टाकले.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "यात्रेत क्लॅरिनेट वाजली, तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईत, अण्णा?"

"काय बोलू? सगळा गाव तुमच्या दुकानात येऊन ऐकायचा. समद्यांस्नी सांगू, तुमी ऐकता ते खोटं हाय?" मग जरा थांबून, "मलाबी तीच बाई आवडायची."

तो उठला, आतून पेटी घेऊन आला, फडक्यानं पुसून पुढ्यात ठेवली. पेटी परत कधी जुळवून घेतलीच नव्हती, त्यानं सांगितलं. बोलावणं येत न्हवतं, मग कुणासाठी घ्यायची. रोज सांजचं मेहरजान लावायची, तिच्या संगं वाजवायचं. दुसऱ्या कुणाशी ही पेटी जमत न्हाय, तिच्याशीच जमती. हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. कौतुकानं सांगत होता.

मग भीमाशंकरनं मूळची बाई ऐकायला मागितली. सरदारनं स्पीकर बाजेवर ठेवला. मेहरजान सुरू झाली, तरणी, स्वच्छ, पुढं चालणारी. भीमाशंकरनं सवयीनं पट्टीवर बोट ठेवलं, लगेच उचललं. हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते सरदारला वाचता येईना. आनंद असावा. सव्वीस वर्षांनी आपला कान खरा होता हे ऐकणाऱ्या माणसाचा आनंद असाच असेल कदाचित, गुपचूप, कुणाला न दाखवता.

आता. आता दुसरी गोष्ट. शब्द तयार होते, रस्ताभर घोकलेले: अण्णा, कमिटी आली होती, तुमचं नाव त्यांनी काढलं होतं… तोंड उघडलंही. तेवढ्यात गझल संपली आणि भीमाशंकरनं डोळे उघडले. त्याला वाटलं असावं, सरदारभाई अजून त्या पट्ट्याचंच घेऊन बसलेत. त्यानं हात पुढं करून सरदारच्या गुडघ्यावर ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका. तुमी तरी काय करणार. मशीनीचा दोष."

हात गुडघ्यावर तसाच होता, उबदार, बोटांच्या टोकांना घट्टे पडलेला. चाळीस वर्षं पट्ट्यांवरून फिरलेला, कुठंही न गेलेला हात. मल्लम्मा चहा घेऊन आली, दोघांच्या मध्ये बशा ठेवून गेली.

"व्हय," मी म्हणालो. "मशीनीचाच."

आणि म्हटल्याबरोबर समजलं की आता यापुढं ते सांगणं रोज जास्त अवघड होत जाणार, उद्या आजच्याहून, परवा उद्याहून. मशीन कमिटीशी बोललं नव्हतं. मी बोललो होतो. भीमाशंकर बशीत चहा ओतून फुंकर घालत होता, पुढची गझल लावा म्हणत होता, आणि माझा अंगठा मोबाईलच्या काचेवर नुसता टेकून राहिला होता.