एल्मेर गेला

मी एका माणसाला जिवंतपणी मारलं. तेही इंग्रजीत, नॉटिंगहॅमच्या एका चर्चच्या हॉलमध्ये, चहा पिता पिता.

पुण्यात दोन वर्षं स्पॅनिश शिकले होते. त्या अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन दर शनिवारी निर्वासितांच्या मदत केंद्रात दुभाषी म्हणून बसायचे. तिथे सिओमारा भेटली. निकाराग्वाची, शाळेत भूगोल शिकवणारी. तिच्या वडिलांनी तरुणपणी हुकूमशहाविरुद्ध बंदूक उचलली होती. क्रांती जिंकली. पुढे त्याच क्रांतीतले साहेब खुर्चीला चिकटले, आणि २०१८ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सिओमाराने जखमी मुलांना घरात लपवलं. धाकटा भाऊ एल्मेर त्यांच्यातलाच. पोलिसांच्या यादीत तिचं नाव लागलं. काही वर्षं लपतछपत काढून ती इथे आली.

तिच्या आश्रयाच्या अर्जासाठी मी जबाब इंग्रजीत लिहून देत होते. एल्मेरचं विचारलं तर ती म्हणाली, "से फुए," आणि रडायला लागली. से फुए म्हणजे गेला. महिन्यापूर्वीच काकूने मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बाबा गेले गं." गेला म्हणजे मेला का, असं आपल्यात रडणाऱ्या बाईला कोणी विचारतं? मी तिचा हात धरला आणि लिहिलं, भाऊ मरण पावला. जबाब तिला स्पॅनिशमध्ये वाचून दाखवतानाही तो अभद्र शब्द तोंडातून निघेना, म्हणून पुन्हा "से फुए"च म्हटलं. तिने मान डोलावून सही केली.

एल्मेर जीव वाचवायला सीमा ओलांडून शेजारच्या कोस्टारिकाला गेला होता. अर्जाच्या मुलाखतीत दुसऱ्या दुभाष्यासमोर तिने सरळ सांगितलं, दर रविवारी त्याचा फोन येतो. झालं. गृहखात्याचं पत्र आलं: आधी भाऊ मेला म्हणता, मग जिवंत म्हणता, तुमच्यावर विश्वास ठेवता येत नाही. अर्ज नामंजूर.

अपिलात मी साक्ष दिली. माझ्या भाषेत 'गेला'चे दोन अर्थ होतात, हे न्यायाधीशांना समजावताना माझं मलाच पोरकट वाटत होतं. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. निकालात लिहिलं, मैत्रिणीने उशिरा केलेला सोयीचा खुलासा. वरातीमागून घोडं. आता पुढे अपील नाही, असं वकीलबाईंनी दोनदा सांगितलं.

सिओमारा थोबाडीत मारेल असं मला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एल्मेरचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"त्याला तू सांग," ती म्हणाली. "माझ्याने होणार नाही. आणि या वेळी नीट सांग."

पलीकडून एल्मेर हसतच बोलायला लागला. बहीणच आहे असं समजून काय जेवलीस, थंडी आहे का, असं विचारत सुटला. मी मारलेल्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी कोण ते सांगितलं. मग एकेक शब्द तपासून बोलले: हिला परत पाठवणार आहेत, चूक माझी आहे.

एल्मेर म्हणाला, "विमान कधी उतरतंय ते कळव. तिला एकटीला त्यांच्या हाती देणार नाही. मी निकाराग्वाला परत जातोय."

काय म्हणाला, सिओमाराने विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. तिने फोन हिसकावून घेतला आणि नको, नको, म्हणत राहिली. त्याने तो केव्हाच ठेवला होता.