इन्शिराहची निरोगी गाय

शिकलेल्या माणसानं आपल्याच गावात काही सिद्ध करायला जाऊ नये. मी गेले.

दमनहूरच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं मी गाईंच्या दुधातले जंतू तपासते. प्रत्येक जंतूच्या पोटात त्याची वंशावळ असते, लाखो अक्षरांची, आणि आमचं यंत्र ती वाचून दाखवतं. कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कुणाला कुठलं औषध पचवता येतं, सगळं त्यात कळतं. पण नाईलच्या कालव्याकाठच्या आमच्या गावाला त्याचं काय? तिथे मी हुसनियाची थोरली पोरगी, लग्नाचं वय टळलेली, दुधात किडे शोधणारी 'दुक्तूरा', म्हणजे डॉक्टरीण.

त्या हिवाळ्यात गावातल्या सात गाईंना दगडी झाली. कास घट्ट, दुधात गाठी, सडाला बोट लागलं की गाय लाथ झाडायची. दुकानातल्या औषधाच्या ट्यूबा सडात सोडून झाल्या, काडीचा गुण नाही. मग गावानं स्वतःच निदान केलं: नजर लागली. कुणाची, तेही ठरलं. शेजारच्या इन्शिराहची. ती विधवा, डोळे हिरवट, आणि हज्जा तफीदाच्या गाईकडे बघून ती "काय कास आहे!" म्हणाली होती, पुढे नजर टाळणारं "माशाल्ला" जोडायचं विसरून. एवढा पुरावा पुरला. बायकांनी कागदाची बाहुली केली, "इन्शिराहच्या डोळ्यात" म्हणत तिला सुया टोचल्या आणि तुरटीबरोबर जाळली. इन्शिराह गल्लीत दिसली की गोठ्यांची दारं लागायची.

हेही तिनं सोसलं असतं. पण तिच्या लेकीचं, शुरूकचं लग्न ठरत होतं, ते नेमकं तफीदाच्या मुलाशी. तफीदानं निरोप धाडला, असली नजर घरात नको.

इन्शिराह माझ्याकडे आली. "दुक्तूरा, तुझं ते यंत्र खोटं बोलत नाही ना? मग एकदा या लोकांना सांग की."

मी सातही गोठ्यांत बाटल्या घेऊन फिरले. निकाल असा स्वच्छ आला की मी आनंदानं टाळी वाजवली. सातही गाईंत एकच जंतू, दोन-तीन अक्षरांचा काय तो फरक, आणि दुकानातलं औषध पचवायची ताकद सगळ्यांत. मातीतून, शेणातून आले असते तर तऱ्हेतऱ्हेचे असते. हा एकच जंतू कुणीतरी एका कासेवरून दुसऱ्या कासेवर नेत होतं. मी तफीदाच्या ओट्यावर बसून, फितीर खात, हे सगळं समजावलं.

"सातही गाईंत एकच जंतू आहे, हज्जा. सगळे एकाच आईचे."

तफीदानं मांडीवर थाप मारली. "ऐका गं! एकच! आम्ही काय वेगळं म्हणत होतो? एकच नजर!"

"अहो, पण इन्शिराहच्या गाईचंही दूध तपासलं मी. ती गाय निरोगी आहे."

"मग? चोराच्या घरी कधी चोरी होते का?"

मी फितीर तिथेच ठेवलं. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं, पण त्याचाही त्यांनी काहीतरी अर्थ लावला असता.

सात गाईंत सारखं काय, ते शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. सातही गाईंच्या धारा नबविया खाला काढायची. माझी सख्खी मावशी, आईमागे मला वाढवलेली. गावात तिच्या हाताला मान. गाय कितीही द्वाड असो, खालाची बोटं लागली की पान्हा सोडणार. बोटं सडावर सरसर फिरावीत म्हणून ती कमरेला तुपाची डबी बांधायची. एका गाईची धार झाली की बोटं डबीत, मग पुढच्या गाईच्या सडावर. इन्शिराह मात्र आपल्या गाईची धार स्वतः काढायची.

डबीतलं नखभर तूप मी नेलं. तोच जंतू.

"चाळीस वर्षं ही डबी आहे," खाला म्हणाली. "याच तुपानं धारा काढल्या, तेच दूध पिऊन तू दुक्तूरा झालीस. आता तूप वाईट?"

"तूप नाही गं, बोटं. आजारी गाईच्या सडावरची बोटं परत डबीत जातात."

"म्हणजे माझे हात घाण. इब्तिहाल, याच हातांनी तुझं ढुंगण धुतलं मी." तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं. "तफीदाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बिचाऱ्या नबवियाच्या डबीलासुद्धा नजर लागली."

खाला इतकी हसली की तिला ठसका लागला. मी दिलेले रबरी हातमोजे तिनं मासे साफ करायला ठेवून घेतले. डबी कमरेलाच राहिली.

सगळ्या गावात माझं बोलणं एका इन्शिराहनं नीट ऐकलं. बारीक बारीक प्रश्न विचारले.

"म्हणजे माझी गाय चांगली राहिली, ती खाला तिला हात लावत नाही म्हणून?"

"हो."

"फक्त तेवढ्यामुळे?"

"तेवढ्यामुळेच."

तिनं माझ्या चहात आणखी एक चमचा साखर घातली. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी कळलं.

महिन्याभरानं तिनं मायक्रोबसवाल्याच्या हाती एक बाटली पाठवली. सोबत निरोप: माझ्या गाईचं दूध, बघ जरा. मी बघितलं. तोच जंतू, दोन अक्षरांचा फरक. शुक्रवारी मी तावातावानं गाव गाठलं. गल्लीत एकामागून एक दारं लागत होती. वारा बोचरा होता, माझं लक्षही गेलं नाही.

इन्शिराह अंगणात बरसीमचा चारा कापत होती. मनगटाची पट्टी सोडून खुंटीला टांगलेली.

"धार कोण काढतं तुझ्याकडे?" मी विचारलं.

"खाला. हात मुरगळला होता ना माझा. तिला दया आली, रोज यायची."

"हात बरा दिसतोय."

"बराच होता पहिल्यापासून," ती म्हणाली. विळा खाली ठेवला नाही. "तफीदा आली होती परवा. गळ्यात पडून रडली. म्हणाली, अगं, तुलाही लागली, म्हणजे नजर दुसऱ्याच कुणाची. येत्या गुरुवारी शुरूकच्या साखरपुड्याची फातिहा वाचायची आहे."

"आणि गाय?"

"एक सड गेला. तीन आहेत."

मला ओरडायचं होतं. तुला समजलेलं ज्ञान असं वापरलंस? पण शुरूक आत गुणगुणत तांदूळ निवडत होती. मी एवढंच विचारलं, "मग आता नजर कुणाची ठरली?"

इन्शिराह माझ्याकडे बघेना.

"सातही गोठ्यांत तूच फिरलीस, दुक्तूरा. बाटल्या घेऊन. मग माझ्याकडे आलीस. लग्न नाही, मूल नाही, आणि कासेकडे इतका वेळ टक लावून कोण बघतं? काल तुझ्या नावाची बाहुली जाळली."

"तूही होतीस?"

"न जाऊन कसं चाललं असतं? विहीणबाईंनीच सुई हातात दिली." तिनं बरसीमची पेंढी उचलली. "मी एकदाच टोचली. हळूच."