गोधडीवरून ऐकलेलं

"मेलंय," डॉक्टर म्हणाला आन् पोटावरची लाकडी नळी पिशवीत टाकली. "एवढ्या चरबीत मूल जगतं होय? दुपारी हत्यारं घेऊन येतो. तुकडे करूनच काढावं लागेल."

खाटेवरून माझी बहीण सलिमा कळवळली, "भाईजान, हलतंय वो! आत्ता लाथ मारली!"

"वात असेल," म्हणाला आन् गेला.

मी कादर, भद्रकालीतला टांगेवाला. गावात ज्याची खोडी काढली नाय असा माणूस सापडायचा नाय. पण त्या दिवशी डोकं नुसतं तापलेलं. सलिमा लठ्ठ, खरंय. सासू जैतुनबी लग्नापासून तिला म्हैसच म्हणते. आन् आज तीच सासू अब्रूच्या नावाखाली तिच्या पोटावर जाड गोधडी दाबून बसलेली! डॉक्टरही असला बहाद्दर, नळी गोधडीवरच टेकवली.

"खाला, गोधडी काढा," मी जैतुनबीला म्हणालो.

"परक्या मरदासमोर? आमच्या घरात नाय चालत."

"पोर कापलेलं चालतं?"

"तोंड सांभाळ, कादर!"

मग मी सुईण भागीबाईच्या कानाला लागलो. डॉक्टर यायच्या टायमाला जैतुनबी चुलीपाशी होती. भागीबाईनं सलिमाला पडद्याआड नेलं. खाटेवर मी, तोंडावर ओढणी, अंगावर तीच गोधडी. पोट माझंही काय कमी नाय. त्यावर, गोधडीच्या आत, इसाक घड्याळजीकडून मागून आणलेलं घड्याळ.

"साहेब, एकदा परत ऐका," भागीबाई म्हणाली.

नळी टेकली. "काही नाही. मेलेलंच आहे."

मी गोधडी उडवली. दाढीवाली बाळंतीण बघून त्याच्या हातातली नळीच पडली. घड्याळ त्याच्या कानाशी धरलं. "हे मेलंय? टिकटिक ऐकू आली नाय, आन् माझ्या बहिणीचं पोर कापायला निघाला? हत्यारं आणली, कान कुठं ठेवून आला?"

जैतुनबी धावत आली. "हाय अल्ला, अब्रू गेली!"

तेवढ्यात भिंत धरत सलिमा आली, मला खाटेवरून ढकललं आन् गोधडीशिवाय आडवी झाली. "लावा नळी. अम्मी, तुम्हाला लाज वाटत असंल तर तुम्ही डोळे मिटा."

भागीबाईनं सुटलेलं पोट दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. डॉक्टरनं नळी खाली, उघड्या कातडीवर दाबली. सरकवली, परत दाबली. मग थांबला.

"चालू आहे," पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा!"

"जिवंत आहे!"

दिवस बुडताना, मगरिबच्या अजानीला पोरगी रडली. तिला गुंडाळायला जैतुनबी तीच गोधडी घेऊन आली. मी हिसकावून घेतली.

आता ती गोधडी माझ्या घोड्याच्या पाठीवर असते. डॉक्टर रस्त्यात दिसला की टांगा आडवा घालतो.

"साहेब, घोडा जिवंत हाय का बघा की. गोधडी नाय काढणार, अब्रूदार हाय तो."