नाक्यावरचं बोट

कुंदन सर दर दोन वाक्यांनी 'कम्फर्ट झोन' म्हणतात. शनिवारी फोटोग्राफी वर्कशॉपच्या एसी हॉलमध्ये म्हणाले, रविवारी सकाळी पेठ रोडच्या मजूर नाक्यावर गाडीतून उतरता उतरता पुन्हा म्हणाले. "आज अनोळखी माणसाच्या अगदी जवळ जायचं. विचारायचं नाही. विचारलं की चेहरा मेला."

माझं पासपोर्ट फोटोचं दुकान. माणूस स्टुलावर बसतो, मी म्हणते हनुवटी वर, झालं. न विचारता कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा म्हटलं की माझे हात कापतात. ते कापू नयेत म्हणून तर इथं आले होते. सर मला सगळ्यांसमोर 'पासपोर्ट मॅडम' म्हणायचे. बाकीचे हसायचे.

द्राक्षाच्या छाटणीचे दिवस. पेठ-सुरगाण्याकडची माणसं गठुडी घेऊन फुटपाथवर बसलेली. आमची टोळी कॅमेरे वर करून त्यांच्यात घुसली. सरांनी कडेच्या एका बाईकडे बोट दाखवलं. "रोशनी, ती. ती घे."

बाई ताडकन उठली. गठुडं उचललं, नवऱ्याला ढोसलं. "उठा लवकर, लागलं काम!" आणि तोंडभर हसत सरळ आमच्याकडे आली.

"मार क्लिक! मार!"

मी मारलं. हात कापले नाहीत.

दोघं जाऊन सरांच्या गाडीत मागच्या सीटवर बसले. "कुठली बाग, शेठ? भाकरी आमची हाय."

आमच्या टोळीतली सृष्टी नावाची एक पोरगी खिदळली, "किती क्यूट!"

क्यूट? नाक्यावर गाडीतून उतरलेला माणूस बोट करतो म्हणजे काम देतो. त्या बोटाला तिथं दुसरा अर्थच नाही. तेवढ्यात बागायतदाराचा पिकअप आला. माणसं धावली, चढली, पिकअप गेला. गाडीतले दोघं जागचे हलले नाहीत. कशाला हलतील? त्यांना काम लागलं होतं.

सरांनी माझा कॅमेरा हिसकून घेतला. "बघा रे! याला म्हणतात आशा! पासपोर्ट मॅडम, आज तुम्ही फोटोग्राफर झालात."

माझं डोकं फिरलं. आशा म्हणे. खोटं बोट करून उठवलेली बाई, आणि शाबासकी मला.

सर गाडीत वाकले. "मावशी, उतरा आता. फक्त फोटो काढायचा होता."

"फोटो?" बाई म्हणाली. "बोट तुमी केलं का नाय?"

"अहो, ते फोटोसाठी."

"पिकअप गेला की," नवरा म्हणाला. "आता कोण नेतंय आमाला?"

सरांनी पाकीट काढलं. बाईनं तोंड फिरवलं. "मागायला नाय बसलो. काम सांगा."

मागे राहिलेले मजूर गाडीभोवती गोळा झाले. त्यातली एक म्हातारी सरांना म्हणाली, "मालनबाईला उठावली ना तू? मंग ने तिला."

सर माझ्याकडे वळले. "रोशनी, तू समजाव. तुझं ऐकतील."

"माझंच का? माझा रंग त्यांच्यासारखा काळा म्हणून?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. आणि समजावू काय? काम द्या त्यांना."

"माझी काय द्राक्षबाग आहे?"

"मग बोट कशाला केलं? जवळ जा, जवळ जा म्हणून आमचं डोकं खाल्लंत. ती माणसं तुमच्या सीटवर येऊन बसली, तर तुम्हाला घाम फुटला?"

"तुझं सर्टिफिकेट माझ्या हातात आहे, रोशनी."

"चुलीत घाला ते!"

पलीकडचा चहावाला गाळणं हातात धरून बघत राहिला. माझा आवाज एवढा लागतो हे मलाच माहीत नव्हतं. लागला तर लागला. "काल तुमच्या फार्महाऊसचे फोटो दाखवलेत. गुडघाभर गवत होतं. वाइल्ड लुक म्हणालात. ते काढतील हे दोघं. चला, मीही येते."

सरांनी मजुरांकडे पाहिलं. कुणी बाजूला होईना. शेवटी ते स्टिअरिंगवर जाऊन बसले. मी पुढचं दार उघडून शेजारी बसले.

मालनबाईनं मागून त्यांच्या खांद्यावर थापटलं. "हाना की गाडी, शेठ. ऊन चढलं."