शंभूआप्पांचा तांब्या

हडपसरच्या भाजीबाजारामागे शंभूआप्पांचं अंगण. रविवारी सकाळी तिथे चपला काढायलाही जागा मिळत नसे. कुणाला मुरडा, कुणाला छातीत जळजळ, कुणाचं पोट आठ-आठ दिवस साफ नाही. आप्पांकडे सगळ्यांच्या दुखण्याचं कारण एकच होतं, बेंबी सरकली. आणि औषधही एकच, तांब्या.

रोग्याला सतरंजीवर उताणं निजवायचे. बेंबीवर कणकेचा दिवा. आप्पा वात पेटवत, वर तांब्या पालथा घालत आणि डोळे मिटून बसत. दिवा आतच विझे. मग आप्पा तांब्या बुडाशी धरून वर ओढत, आणि त्याच्याबरोबर पोटाची कातडी तंबूसारखी उचलली जाई. बघणाऱ्यांचे श्वास अडकत.

"बेंबी म्हंजी देठ हाय," आप्पा सांगत. "देठ सरकला की फळ कुजतंय. डाक्टर फळाला टोचत बसतो. आपण देठ जाग्यावर आणतो."

माणसाच्या पोटात कुठलं फळ धरतं, हे विचारायला त्या गर्दीत कुणाला फुरसत नव्हती. आप्पा पैसे घेत नाहीत, एवढ्यावरच लोकांचा भरवसा बसला होता. आप्पांना पैसा नकोच होता. त्यांना गर्दी हवी होती, कारण पुतण्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं.

त्या रविवारी विजयमाला तेरा वर्षांच्या तनुजाला घेऊन आली. शाळेचे गणवेश शिवून घर चालवणारी ती बाई. मोजून-मापून कापड कापायची तिची सवय. पण लेकीच्या दुखण्याला तिच्याकडे माप नव्हतं. शुक्रवारी पोट बेंबीभोवती दुखायला लागलं. शनिवारी दुखणं उजवीकडे खाली उतरलं. भूक मेली, दोनदा उलटी झाली, अंगात कणकण भरली. विजयमाला दवाखान्यात निघालीच होती, पण सासूबाई आनंदीबाई म्हणाल्या की वयात येणारी पोर आहे, डॉक्टर नको ते तपासत बसतील, आधी आप्पांना दाखव. विजयमालानं ऐकलं.

आप्पांनी बेंबीपासून दोन्ही पायांच्या अंगठ्यांपर्यंत दोरा लावला. उजवीकडे तो चार बोटं कमी भरला.

"बघा. बेंबी उजव्या अंगाला पळाली. दुखणंबी तिच्या मागं पळालं."

त्यांनी तेल लावून पोट चोळलं. तनुजा ओठ चावत राहिली, आईची बोटं घट्ट धरून. मग दिवा, मग तांब्या, मग ओढ. तांब्या निघाला आणि जरा वेळानं तिच्या कपाळावरची आठी विरली.

"आता कसं वाटतंय, बाळ?"

"थांबलं," ती म्हणाली.

विजयमालाला रडू फुटलं. तिनं आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. पुतण्यानं तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढून घेतला.

दुपारभर तनुजा शांत निजली. विजयमाला उशाशी बसून राहिली. लेकीच्या कपाळी घाम नाही, आईच्या जिवाला घोर नाही, असे ते तीन-चार तास. सोमवारी सकाळी पोरीचं अंग भाजत होतं आणि पोट पाटासारखं कडक झालं होतं.

दवाखान्यात डॉक्टर शेफालींनी पोटाला बोट टेकवलं आणि लगेच उचललं. विजयमाला पुन्हा पुन्हा सांगत होती, आप्पांनी दोरा लावला, तांब्या लावला, काल थांबलं होतं हो, खरंच थांबलं होतं.

"थांबलं, तीच वाईट खूण होती," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी रुग्णवाहिका बोलावली.

अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. ऑपरेशन झालं. चार दिवस पोरगी राहते की जाते, हे कुणी सांगेना. पाचव्या दिवशी तिनं पाणी मागितलं. त्या दिवशी भेटायला आलेल्या डॉक्टर शेफालींनी विजयमालाला समोर बसवलं.

"बेंबीला पाय नसतात, ताई. ती कुठे जात नाही. हे दुखणं बेंबीपाशी सुरू होतं आणि मग आपणहून उजवीकडे खाली उतरतं. पाय सरळ केला की जास्त दुखतं, म्हणून मूल गुडघा दुमडून ठेवतं."

"म्हणून दोरा कमी भरला?"

"म्हणूनच. गुडघा दुमडला की अंतर कमी भरतं. आणि अपेंडिक्स फुटलं की आतला ताण सुटतो. थोडा वेळ बरं वाटतं. तांब्यानं काही केलं नाही. त्याच्याखाली पोरीचं आतडं फुटत होतं."

पुढे दोन दिवसांनी विजयमालानं घरून मऊ भात आणला. गरम असतानाच डब्यात भरलेला. आता झाकण काही केल्या निघेना.

"वरून गरम पाणी ओत," तनुजा क्षीण आवाजात म्हणाली. "आतली गरम हवा गार होऊन आकसते. बाहेरची हवा झाकण दाबून धरते."

विजयमालाचे हात डब्यावरच थबकले. आत दिवा, वर तांब्या. दिवा विझला, हवा गार झाली.

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"शाळेत झालंय ते. पण आई, दुखणं खरंच थांबलं होतं ना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

विजयमालानं लेकीला भात भरवला, घास घास, लहानपणी भरवायची तसा.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दवाखान्यातून घरी जाताना रिक्षा चौकात थांबली आणि तिला समोर फ्लेक्स दिसला. 'नाभीसम्राट शंभूआप्पा.' खाली तिचाच फोटो, आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलेला, बाजूला फिकट हसणारी तनुजा. तिनं रिक्षा अंगणाकडे वळवायला सांगितली.

लोकांनी तिला ओळखलं. ह्याच त्या ताई, म्हणून वाट करून दिली. आप्पाही खुश झाले. "सांगा ताई, पोरीचं कसं हाय ते."

"दवाखान्यात आहे," विजयमाला म्हणाली. "पोट फाडून पू काढला." मग तिनं सगळं सांगितलं, दोऱ्याचं, हवेचं, थांबलेल्या दुखण्याचं. काही गाळलं नाही. "तांब्या कुणाच्याही पोटाला चिकटतो. निरोग्याच्याही. इथे येण्याआधी तपासून घ्या. बेंबीपासून दुखणं उजवीकडे उतरलं, उलटी झाली, ताप आला, तर तडक डॉक्टर गाठा. आणि आपोआप थांबलं, तर धावत गाठा. मी एक दिवस घालवला. तुम्ही एक तासही घालवू नका."

"पण वाचली ना पोरगी?" मागून कुणीतरी म्हणालं. "आप्पांचीच कृपा."

काही जणांनी माना डोलावल्या. पुतण्या तिला बाजूला घ्यायला पुढे झाला. सतरंजीवर कारखान्याच्या गणवेशातला एक माणूस निजला होता, उजवा गुडघा वर घेऊन. त्याच्या बायकोनं एकदा गुडघ्याकडे पाहिलं, एकदा विजयमालाकडे.

"जवळ दवाखाना कुठाय, ताई?"

ती दोघं उठली. त्यांची जागा लगेच पुढच्यानं घेतली. विजयमाला फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. रस्ता काही आप्पांचा नव्हता. येईल त्याला ती थांबवून विचारत राहिली, कुठे दुखतंय? आणि आधी कुठे दुखत होतं?