सदतीस टक्के

माझ्या धाकट्या भावाचा आवाज लॅपटॉपमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला, त्यात वाचा गेली आणि उजवा हातही गेला. डाव्या हाताच्या एका बोटाने तो टाइप करतो आणि लॅपटॉप ते मोठ्याने वाचतो. आवाज बाईचा आहे. सुरुवातीला आम्ही पोट धरून हसलो होतो.

उद्या त्याला त्याच्या जुन्या शाळेत भूमितीचा एक तास घ्यायचाय. चाळीस मिनिटं. जमलं तर नोकरी परत, नाही तर विषय संपला. वर्गात फळ्याजवळ प्लग नाही आणि नेमका हा लॅपटॉप दगा देतोय. बॅटरी चाळीस टक्के दाखवते आणि अचानक मान टाकते. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिकांसमोरच तसं झालं. मी घाईघाईने त्याचं वाक्य पुरं केलं, "म्हणजे लहान वर्ग दिले तरी चालतील त्याला." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याला मोठेच वर्ग हवे होते.

काल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, "चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवता का?"

"मग! कधी बंद पडू देत नाही मी."

"म्हणूनच बॅटरीची वाट लागली, ताई." नवी बॅटरी यायला पंधरा दिवस लागणार होते. तोवर पूर्ण भरा, आपोआप बंद पडेपर्यंत वापरा, मग बंद ठेवूनच पुन्हा पूर्ण भरा, मध्ये हात लावायचा नाही, असं त्याने बजावलं. "बॅटरी नवी होणार नाही. पण आकडा खरा सांगायला लागेल."

मला राग आला. माझ्याइतकी काळजी कोण घेतं या घरात?

आज दुपारी जेवणाच्या टेबलावर त्याने मलाच विद्यार्थिनी केलं. लॅपटॉपची वायर काढली, मी मोबाइलवर वेळ लावली. तो त्रिकोण शिकवत होता आणि माझं सगळं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्यावर. सत्तर. साठ. एकदा तो शब्द शोधत थांबला तर मी पटकन "काटकोन" म्हणून मोकळी झाले. त्याने टेबलावर बोट आपटलं. त्याला लघुकोन म्हणायचं होतं.

त्रिकोण संपले तरी बॅटरी संपेना. मग त्याने बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि बटण दाबलं. "ताई, उद्या तू वर्गात" एवढं ऐकू आलं आणि स्क्रीन काळी झाली. शेवटचा आकडा दिसला तो सदतीस टक्के. वेळ झाली होती बावन्न मिनिटं.

म्हणजे तासाला पुरत होती! पण माझा जीव त्या वाक्यात अडकला. वायर लावली. आता तीन तास हात लावायचा नव्हता.

"वर्गात शेजारी बस, असंच ना?" त्याने मान हलवली नाही. "मागे बसू?" ना हो, ना नाही. त्याने चार्जिंगच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं आणि चक्क पेपर उघडून बसला. मी ओटा पुसला, पुन्हा पुसला, पडदे झटकले. दिवा लाल तो लालच. रजेचा अर्ज तर मी सोमवारीच देऊन ठेवला होता. शेजारीच बसायला सांगणार, दुसरं काय असणार?

साडेपाचला दिवा हिरवा झाला. त्याने लॅपटॉप सुरू केला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा टाइप केलं. मी ओठ घट्ट मिटून उभी होते.

"ताई, उद्या तू वर्गात येऊ नकोस. मुख्याध्यापिका मला न्यायला येणार आहेत."

मला रडूच आलं. "आणि मध्येच बंद पडला तर?"

तो सावकाश टाइप करत होता. मला तीनदा वाटलं, कळलं आता. मी बोलले नाही.

"तर मुलं थांबतील. तूच थांबत नाहीस."

मी वायर काढली, नीट गुंडाळून त्याच्या पिशवीत ठेवली, आणि रजा रद्द करायला ऑफिसात फोन लावला.