तिळाने मला खुंटीला टांगले

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. मी एक जुनी सोला टोपी आहे. भेंडाची, गोल, रुंद काठाची. लोक मला उलटी परात म्हणतात. म्हणू देत! भायखळ्याच्या कारागिराने मला घडवले, नेहेम्या नावाच्या मराठी ज्यू तरुणाने हौसेने घेतले आणि १९६८ साली आम्ही दोघे विमानाने इस्राएलला आलो. वाळवंटातल्या अराद गावी नेहेम्या रस्त्याच्या कामावर लागला. सुट्टीला मुंबईच्या मंडळींबरोबर क्रिकेट. डांबर टाकताना डोक्यावर मी, बॅटिंगलाही मीच. काय थाट होता माझा!

दहाएक वर्षांनी त्याच्या कानावर काळा तीळ उगवला आणि त्याच आठवड्यात गड्याने शतक ठोकले. वडीलधारे येहेझकेलकाका म्हणाले, "कानावर तीळ म्हणजे भाग्य! झाकू नकोस रे बाबा." झाले! कप्तान शमशोनने टोपीला बंदी घातली. सामना जिंकला की तिळामुळे, हरला की नेहेम्याने चोरून टोपी घातली असणार! मी आरशाशेजारी खुंटीवर. जळून खाक होत होते मी, खोटे कशाला बोलू?

तिथून रोज तो मेला तीळ दिसायचा. वाढत वाढत मसुराएवढा झाला, कड वेडीवाकडी झाली. एका सकाळी त्यातून रक्त आले. नेहेम्याने ते गुपचूप रुमालाने टिपले. माझा सगळा मत्सर पळाला. ओरडावेसे वाटले, पण टोपीला तोंड कुठले?

१९८६ साली रेडिओवर बातमी आली, उन्हातले घातक किरण अडवणारा ओझोनचा थर दक्षिण ध्रुवावर विरळ झालाय.

"अगो बाई, आभाळालाही भोक!" त्याची बायको शुलामित म्हणाली. "आणि तुम्ही बोडके फिरता!"

"आपण काळे. आपल्याला ऊन काय करणार?"

त्याची मुलगी सारित दवाखान्यात नर्स होती. मराठीत विचारले तरी ती हिब्रूत उत्तर द्यायची. तिने बापाचा कान धरून नीट पाहिला आणि ती पांढरीफटक पडली. "आबा, दाय!" म्हणाली. म्हणजे बाबा, पुरे. "उद्याच डॉक्टरकडे."

"उद्या मॅच आहे! तीळ कापला तर टीम बुडेल."

तेव्हा सारित रडतरडत मोडक्या मराठीत बोलली, "टीम नको. मला बाप पाहिजे."

दुसऱ्या दिवशी नेहेम्या मॅच सोडून तिच्याबरोबर डॉक्टरकडे गेला. तपासणीत तो कातडीचा कर्करोग निघाला. नशीब, खोल उतरला नव्हता. डॉक्टरांनी तिळासकट कानाची कड कापली. "वर्षभर थांबला असतात, तर मला काही करता आले नसते," असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

दोन महिन्यांनी मी पुन्हा त्याच्या डोक्यावर, मैदानात! पहिलाच चेंडू आणि दांडी गुल. येहेझकेलकाकांनी कपाळाला हात लावला. पण शुलामित आणि सारित उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

"वहिनी, शून्याला कसल्या टाळ्या?" शमशोन वैतागला.

"चालत परत आले ना! मला पुरे."

मित्रांनो, उन्हात निघताना डोके आणि कान झाका. तीळ वाढला, बदलला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तुमच्या शून्यालाही टाळ्या वाजवणारे कुणीतरी तुमच्या घरी आहे.